एक ॲप्लिकेशन, दोन पाट्या

मी, खाली सही करणारी, अविवाहित, दोन भावांची मोठी बहीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे; तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे आणि तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. भीती मात्र आहे. ती उद्याच्या शस्त्रक्रियेची कमी आणि माझ्यामागे दोघे भाऊ एकमेकांचे काय करतील याची जास्त.

कलम १. राहते घर दोघा भावांना समान. ते विकून वाटणी करावी, मधे भिंत घालून नव्हे. वडिलांच्या दुकानात या दोघांनी एकदा मधोमध प्लायवूड ठोकले, तेव्हापासून डावी बाजू उजव्या बाजूशी बोलत नाही. बँकेतली ठेव उपचारातून उरली तर ती दोन्ही घरच्या मुलांच्या शिक्षणाला द्यावी.

कलम २. ज्या पलंगावर बसून हे लिहिते आहे तो धाकट्याच्या दुकानातून भाड्याने आणला आहे. शेजारचे ऑक्सिजनचे यंत्र थोरल्याचे आहे. दोन्ही स्वच्छ पुसून ज्याचे त्याला परत करावे. धाकट्याचा पलंग दिसला म्हणून थोरला खोलीत आलाच नाही, दारातूनच "बरी आहेस ना?" विचारून गेला. त्याचा मला राग आला होता. अजून आहे.

कलम ३. आता खरी इस्टेट. रुग्णांसाठी पलंग, व्हीलचेअर, ऑक्सिजनची यंत्रे भाड्याने देणे हा आमचा धंदा. कोणते यंत्र कोणाच्या घरी आहे, कोणते मोकळे आहे, कोणाला तातडीने हवे आहे, हे सांभाळणारे ॲप्लिकेशन मी वडील असतानाच लिहिले. वाटणीनंतर दोघांनाही आपापल्या नावाची वेबसाइट हवी झाली. थोरल्याला निळा रंग हवा होता, धाकट्याला निळा सोडून कोणताही. मी दोन डोमेन, म्हणजे वेबसाइटचे दोन पत्ते, घेतली आणि दोन्ही एकाच सर्व्हरवरच्या त्याच ॲप्लिकेशनला जोडली. गिऱ्हाईक कोणत्या नावाने आले ते पाहून ॲप्लिकेशन त्या दुकानाचा रंग, फोन आणि माल दाखवते. दारे दोन, घर एकच. हे दोघांनाही समजावून सांगितले होते. दोघांनी "हो हो" केले आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिले.

मागच्या वर्षी मी रुग्णालयात असताना थोरल्याने एका तंत्रज्ञाला बोलावले. अडीअडचणीसाठी म्हणून दिलेला पासवर्ड त्याच्या हाती ठेवला आणि म्हणाला, "माझी साइट ठेवा, त्याची काढून टाका." सर्व्हरवर फोल्डर एकच होते आणि त्याला धाकट्याच्या दुकानाचे नाव होते, कारण त्याचे डोमेन आधी जोडले गेले होते. तंत्रज्ञाने ते उडवले. भावाची जिरवली म्हणून थोरला खुशीत होता, तेवढ्यात त्याच्याच दुकानात एका बाईंचा फोन आला.

"अहो, तुमची साइट उघडतच नाहीये! मशीन बंद पडलंय, बाबांना दम लागलाय."

कोणते यंत्र मोकळे आहे हे थोरल्याला कळेना. ते सांगणारे त्यानेच पुसले होते. त्याच्या बायकोने मात्र सरळ प्लायवूडपलीकडे जावेला फोन लावला.

"अगं, तुझ्याकडे एखादं मशीन आहे का?"

"आहे, लगेच पाठवते. यांना काही बोलू नकोस."

यंत्र पोचले, ते गृहस्थ वाचले. मी रुग्णालयातून लॅपटॉपवर राखीव प्रत पुन्हा चढवली. थोरला नंतर मला म्हणाला, "ताई, माझी साइट तू त्याच्यात कालवलीसच कशाला?" कपाळ माझे!

एकाचे नाव काढले तर दुसऱ्याचेही आपोआप बंद पडावे, अशी सोय करून जावे असे माझ्या मनात आले होते. मला ती करता येते. पण या दोघांच्या भांडणात तिसऱ्याच कोणाचा तरी जीव जाईल, म्हणून केली नाही.

कलम ४. सबब ॲप्लिकेशन, सर्व्हर आणि दोन्ही डोमेन मी माझ्या दोन्ही भावजयांच्या नावे, एकत्रित मालकीने करत आहे. दोघींच्या संमतीशिवाय कोणतेही नाव काढता येणार नाही. पासवर्ड आजच बदलला आहे. या जावा रोज फोनवर बोलतात. नवऱ्यांना ते ठाऊक नव्हते, आता झाले. लिहिण्याआधी मी दोघींना विचारले. धाकटी म्हणाली, "लिहा ताई. लपवून लपवून कंटाळा आला." थोरलीने डोळे पुसत होकाराची मान हलवली.

कलम ५. माझ्या मृत्यूच्या दिवशी दुकाने बंद ठेवू नयेत. यंत्र कोणाला तरी लागेलच. मी गेल्याची सूचना मात्र दोघा भावांनी वेबसाइटवर लिहावी. ॲप्लिकेशनमध्ये सूचनेची जागा एकच आहे आणि तिथले अक्षर न् अक्षर दोन्ही नावांखाली सारखे दिसते. त्यामुळे वेगवेगळे लिहिता येणार नाही, एकत्र बसावे लागेल. माझे कौतुक नको. "ताई गेली" एवढे पुरे. त्याखाली थोरल्याने धाकट्याचे नाव लिहावे आणि धाकट्याने थोरल्याचे. जमत नसेल तर थोडा वेळ थांबा, पाणी प्या, पण लिहा. माझ्या डोळ्यांदेखत तुमच्याकडून ते झाले नाही.

सही: (दोघांची ताई)

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, सकाळ

साक्षीदार:
१. उपचार करणारे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)

वरील बाईंनी आम्हा दोघांसमक्ष सही केली. त्या वेळी त्या रडत होत्या, परंतु पूर्ण शुद्धीत होत्या.