वितळवलेले ब्लॉक

माय, परवा आमचे ब्लॉक वितळवले. ब्लॉक म्हणजे स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा सांगाडा, अॅल्युमिनियमचा, सहा सिलिंडरांचा. कित्येक वर्षं मी तेवढंच काम करत होते. कंपनीनं ती गाडी काढायचीच नाही असं ठरवलं आणि तयार झालेले नमुने कापून भट्टीत टाकले.

तुला हे काम मी एकदा सांगितलं होतं. चुलीपुढे बसून तू रिसोडच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधतेयस. "तू थ्या कारखान्यात करतं काय नेमकं?" मी सांगते, ज्या पोकळीत पेट्रोल जळतं तिच्या भिंती किती जाड ठेवायच्या ते मी ठरवते. जाड ठेवल्या तर गाडी जड होते, पातळ ठेवल्या तर तापून वाकतात.

"गाडी पयते किती?"

"लय."

"मंग थांबते कशी?"

ते माझं काम नाही म्हटल्यावर तू हसलीस. "मंग कोनाचं हाय?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत तू गेलीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. या ब्लॉकमध्ये दोन सिलिंडरांमधल्या अरुंद भिंतीतून पाणी खेळवायचं होतं. पाण्याच्या वाटेच्या जागी घट्ट वाळूचा गाभा ठेवतात, भोवती वितळलेला धातू भरतात, तो थिजला की वाळू झटकून काढतात. आमचा गाभा इतका बारीक, की धातू आत शिरताच मोडायचा. मी त्याचा आकार पुन्हा पुन्हा बदलला. धातू वरून न ओतता खालून हळूहळू चढवला, म्हणजे हवेचे बुडबुडेही राहिले नाहीत. शेवटी एक ब्लॉक निर्दोष निघाला. मशीनवर त्याचे सिलिंडर कोरून झाले, तेल धरून ठेवायला आत बारीक तिरप्या रेघा घासून झाल्या, तेव्हा मी आतून हात फिरवून पाहिला होता.

परवा भट्टीपाशी माझा सहकारी तोंड फिरवून उभा राहिला. मला काहीच झालं नाही. मी जाऊन डबा खाल्ला.

बाबा गेले, त्यांची तेरवीही झाली नव्हती आणि तू वांगी तोडायला निघालीस. मी वाटेत उभी राहिले. "तुले काईच वाटत नाई काय?"

"वाटीन मंग. वांगे जून होऊन राह्यले. सरक."

तेव्हा तुझा राग आला होता. आता येत नाही. तुझं मन समजलं, असंही म्हणवत नाही.

कागद घडी करून कपाटात टाकते. खरं सांगू, तुला लिहायला घेतलं की रडू येईल असं वाटलं, म्हणून बसले होते. आलं नाही.