सेक्रेटरीचा दरवाजा

१२ ऑक्टो., रवि.
दादा आजही आला नाही. सलग चौथा रविवार. मुलुंडहून बोरिवली म्हणजे काय सातासमुद्रापार आहे का!
गेम शेवटच्या दरवाजापाशी पडून. दोन वर्षं आम्ही दोघांनी एकाच खात्यावर खेळून तिथवर आणला. नियम एकच: मेला की कंट्रोलर दुसऱ्याला. दरवाजाआड शेवटचा राक्षस. सिंहासनावर ठाण मांडून नुसता ओरडतो, म्हणून आम्ही त्याला सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो. लग्न करून वेगळा झाला तेव्हा दादा म्हणाला होता, "मने, मी आल्याशिवाय उघडायचा नाही हां." नाही उघडला.

१८ ऑक्टो., धनत्रयोदशी
बोनस मिळाला, नवा कन्सोल आणला. आई: "आजच्या दिवशी सोनं घेतात गं." पण हळदकुंकू वाहिलं तिने त्याला. आमचा गेम जुन्यावर चालतो तसा नव्यावरही. सेव्ह, म्हणजे आजवर खेळलेलं सगळं, नव्यावर उतरवून घेतला, जुन्यावरचा आहे तसाच राहतो. चित्र एकदम झकास. हिरोइनच्या हातातल्या कंदिलाची ज्योतसुद्धा थरथरते. दादाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "भाऊबीजेला उडवू सेक्रेटरीला!"

२० ऑक्टो., सोम.
पहिली आंघोळ, फराळ. मग दादाचा फोन. गुरुवारी जमेलसं वाटत नाही. वहिनीच्या बाबांचं डायलिसिस, तिला एकटीला झेपत नाही.
मी म्हणाले, "बरोबर आहे. तुला आता सासरच गोड."
तो म्हणाला, "ठेवतो."
आई: "जीभ आहे का कात्री?"

२१ ऑक्टो., मंगळ.
दुपारी आई आडवी झाली आणि मी दरवाजा उघडला. रागात. नऊ वेळा मेले, कंट्रोलर द्यायला शेजारी कोणी नाही. दहाव्या वेळी सेक्रेटरी पडला. गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली, संपता संपेनात. सवयीने बाजूला बघितलं. उशी.
कशाला केलं मी हे? दोन वर्षांची मजा एका दुपारी एकटीने खाऊन टाकली.
दादाला सांगायचं नाही. जुन्यावर दरवाजा अजून बंदच आहे ना.

२३ ऑक्टो., भाऊबीज
दादा आला! घामाघूम. डायलिसिसला वहिनीच्या मावसभावाला पाठवून आला. ओवाळलं, तर ताटात काय? नव्या कन्सोलचा दुसरा कंट्रोलर. "तुझ्या कंट्रोलरला कायम चिवड्याचं तेल असतं."
तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "जुन्यावरच संपवू रे, सुरू तिथेच केलं ना."
माझ्याकडे बघत राहिला जरा. "बरं."
दरवाजा त्याने उघडला. दोन मिनिटांत मेला. कंट्रोलर माझ्याकडे. आणि हात मेले शहाणे झालेले! सेक्रेटरी गदा उचलायच्या आधीच मी बाजूला, छत कोसळायच्या आधीच खांबाआड.
दादा हळूच, "पहिल्यांदाच ना गं?"
मी पॉज दाबला.
"खात्याला नंबर माझा आहे, मने. मंगळवारीच मेसेज आला, गेम पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन म्हणून. म्हटलं, तू सांगशील."
म्हणजे माहीत होतं. तरी आला. चिडला असता तर बरं झालं असतं. अर्धी करंजी खाल्ली, आईच्या पाया पडला, गेला.
लाज वाटते. खूप.

२६ ऑक्टो., रवि.
सॉरीचे चार मेसेज लिहिले, चारही पुसले. शेवटी वहिनीला फोन केला. आठवड्यातून तीनदा दादाच नेतो तिच्या बाबांना, ऑफिस सांभाळून. रविवारचा तेवढा झोपतो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं मी कधी.
आई म्हणाली, "तीन दिवस तो मेला टीव्हीत हात वर करून उभा आहे. मार तरी, नाहीतर बंद तरी कर."
नवा कंट्रोलर खोक्यातच आहे. जुना घेतला, पॉज काढला आणि हात मांडीवर ठेवून बसले. सेक्रेटरीने एका फटक्यात उडवलं.
दादाला मेसेज केला: "मेले. आता तू."
दोन निळ्या टिक्स आल्यात. चार वाजून गेले. जुना कंट्रोलर पुसून चार्जिंगला लावलाय.