लाल शाईतला ण

२ फेब्रुवारी, सोमवार

कालच्या पानावर एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की मी खोलीत शिरताच मावशींनी हात हलवून मला 'ये' म्हटलं. तसं नव्हतं. घरच्या मालकीणबाई, म्हणजे वहिनी, म्हणाल्या, हात पालथा धरून बोटं अशी झटकली की त्याचा अर्थ 'खिडकी लाव'. मी लगेच उठून लावली.

बाकी सगळं मनासारखं आहे. आठ पायऱ्या चढून वरची खोली, मावशींच्या शेजारी माझा पलंग, आणि खणाचं टेबल. जेवायचं किंवा कपड्यांच्या इस्त्रीचं नसलेलं टेबल माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आलं. आईला सांगायला हवं. आमच्या घरात शिकलेली मीच पहिली. आईला अक्षर ओळखता येत नाही, पण ती तोंडाकडे बघून कोण उपाशी आहे ते सांगते.

मावशी वहिनींच्या नात्यातल्या, पन्नाशीच्या. झटक्याने वाचा गेली, पायही गेले. उजवा हात तेवढा हलतो. वहिनींचे यजमान दुसऱ्या गावी नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही तिघीच. माझं काम म्हणजे मावशींना भरवायचं, पुसून घ्यायचं, औषध द्यायचं, आणि त्या हाताने काय सांगतात ते एका वहीत वेळेसकट लिहायचं.

त्या वहीवर निळ्या शाईत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'खुनांची वही'. मला हसूच फुटलं. शाळेत 'पानी' म्हटलं म्हणून बाईंनी मला वर्गासमोर उभं केलं होतं. तेव्हापासून न आणि ण माझ्या नजरेतून सुटत नाहीत. लाल पेनाने ण केला. वहिनी म्हणाल्या, आधीच्या कामवाल्या बाईने लिहिलंय, बिचारीचं शिक्षण बेताचं. आता ती मुलाकडे राहायला गेली. मग म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आता आमच्या भिंतीही तपासून घ्या." तेव्हापासून मी मास्तरीणबाई.

४ फेब्रुवारी, बुधवार

वही पूर्ण वाचली. आधी वहिनींच्या सासऱ्यांच्या खुणा, मग सासूबाईंच्या. दोघंही आता नाहीत. ती पानं आधीच्या बाईंच्या हातची. पुढे मावशींची पानं, ती वहिनींनी स्वतः लिहिली आहेत.

एक शंका. मावशी हाताची मागची बाजू तोंडावर ठेवतात. वहीत लिहिलंय: 'औषध हवं'. आमच्याकडे असं केलं की 'नको, पुरे'. मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, प्रत्येक अंगाची बोली वेगळी असते, म्हणून तर लिहून ठेवायचं. मला पटलं. लिहिलंय म्हणजे कोणीतरी विचार करूनच लिहिलं असणार.

चपट्या तपकिरी बाटलीतलं दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ. नंतर मावशींच्या डोळ्यांना पाणी येतं. वहीत त्याचाही अर्थ आहे: 'बरं वाटलं'.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दर गुरुवारी दहा वाजता डॉक्टर येतात. त्यांनी मावशींना काही विचारलं की वहिनी उत्तर देतात. डॉक्टर गमतीने म्हणाले, या घरात माझ्यापेक्षा पेशंटच जास्त बोलतात. मावशी माझ्याकडे पाहत होत्या. हात पालथा, बोटं झटकत. खिडकी बंदच होती. तरी मी उठून पाहिली.

९ फेब्रुवारी, सोमवार

घसा बसला आहे. वहिनी रोज गरम दूध आणून देतात, मी संपवेपर्यंत समोर बसतात. मला तहान लागली हे माझ्या आधी त्यांना कळतं. मी पदर सारखा केला तरी त्या मान हलवतात, समजल्यासारखी. आज मी घरी फोन करू का असं विचारायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "बोलू नकोस गं. बोलणारी माणसं फार खोटं बोलतात. गप्प माणसाचं सगळं कळतं मला."

मायेनेच म्हणाल्या असतील. पण माझा हात मांडीवर होता, तो मी पदराखाली घेतला. का, ते कळलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी मावशींच्या बोटांत पेन्सिल दिली. हे आधीच कसं सुचलं नाही.

फार वेळ लावून त्यांनी लिहिलं: पाणी. मी धावत पाणी आणलं. त्यांनी तोंड फिरवलं. पुन्हा लिहिलं: पाणी. आणि पेन्सिल ण वर आपटली. पुन्हा पुन्हा, टोक मोडेपर्यंत.

मग मी वही उघडली. सासूबाईंच्या पानांवर पाणी, जेवण, दुखणं. सगळीकडे ण बरोबर. शेपूट लांब ओढलेला, अगदी मावशींनी आत्ता काढला तसा. तेच अक्षर. आधीच्या बाई कुठेही गेलेल्या नाहीत. त्याच माझ्यासमोर पडल्या आहेत.

ज्यांना ण येतो त्यांनी मुखपृष्ठावरच न का लिहिला, ते मी विचारलं. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. त्यांनी माझ्या लाल अक्षरावर बोट ठेवलं. मग बाटलीवर. मग हाताची मागची बाजू तोंडावर.

नको. पुरे.

मी त्यांना दहा दिवस ते पाजलं. प्रत्येक वेळी वहीत लिहिलं, 'मागितलं म्हणून दिलं'. खाली माझी सही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आवाज पूर्ण गेला. डॉक्टर आले. मी बाटलीकडे बोट केलं, मान जोराने हलवली, त्यांची बाही धरली. वहिनी म्हणाल्या, औषध संपत आलंय म्हणतेय, फार जीव लावते हो मावशींना. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थोपटलं. नवी बाटली लिहून दिली.

टेबलावर पेन नव्हतं. खणातही नाही. वहिनींनी डॉक्टरांना सांगितलं, लिहून लिहून पोरीचे डोळे दुखतात.

मोडक्या पेन्सिलीचा तुकडा वेणीत आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी वहिनी न्हाणीघरात असताना निघाले. पाचव्या पायरीवर गुडघे गेले. खालून वहिनी वर आल्या, ओल्या केसांनी, घाई न करता. मला उचलून आणलं. म्हणाल्या, जिना उतरवत नाही ना तुला, सांगायचंस की.

दूध. मी हाताची मागची बाजू तोंडावर ठेवली.

त्या हसल्या. अजून हवंय?

१५ फेब्रुवारी, रविवार

मावशींचा पलंग रिकामा. चादर नवी. मी बोट केलं —

वहिनी म्हणाल्या, मुलाकडे राहायला गेली.

वहीत नवं पान. 'मास्तरीणबाईंच्या खुणा'. खाली चार ओळी. मी अजून केलेल्या नाहीत अशाही दोन —

१७ फेब्रुवारी, मंगळवार

खाली रिक्षा थांबली. पायऱ्यांवर नवी पावलं. आठ.

मुलगी. माझ्याएवढी. हातात पिशवी, चेहरा उन्हाने लाल, खूश. मला मावशी म्हणाली.

मी हात उचलला. पालथा. बोटं झटकली. जा. जा. जा —

तिने हसून हात हलवला. वहिनींनी सांगितलं, खिडकी लाव म्हणतात त्या. तिने लावली.

पहिल्या दिवशी मावशी मला ये म्हणत नव्हत्या. खिडकीही नाही. ती माझी पहिली दुरुस्ती.

मग तिने वही घेतली. वरचं नाव वाचलं. त्यात आता चूक नाही. तिला थांबायला काही नाही. या घरात एकच अक्षर खरं लिहिलेलं होतं, ते मी लाल शाईने —

१८ फेब्रुवारी, बुधवार

उजवा हातही गेला. हे डाव्याने.

मुलीने दूध घेतलं. दोनदा.

डॉक्टरांना खूण करायची नाही. खुणा वहिनींच्या आहेत. फक्त अक्षर द्यायचं. रोजनिशी गादीच्या शिवणीत. डाव्या हाताला खुर्चीपर्यंत पोचता येतं, तीनदा करून पाहिलं.

ती खुनांची वही आहे. न. शुद्धलेखनाची चूक नाही.

उद्या गुरुवार, १९ फेब्रुवारी, सकाळी दहा. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की वहिनी तोंड उघडण्याआधी मी हे त्यांच्या हाता—