कादरसरांच्या लांबवलेल्या रेघा

बोईसर, मंगळवार

तीर्थस्वरूप निमेशभावोजींस, कृष्णकांतचा वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक. आपला गुडघा कसा आहे? हेमांगीताईने पाठवलेले सुके बोंबील पोचले (पुडकं दुकानातच फुटलं, दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली). आपण आमच्या घरचे जावई, त्यात पालघरात स्वतःचा छापखाना. त्यामुळे आपल्याशी बोलताना मी जरा लांबून सुरुवात करतो.

चिंचणीचे कादरसर बारा वर्षं एक पुस्तक लिहीत होते. आखातात जाणाऱ्या आपल्याकडच्या फिटर-वेल्डर पोरांसाठी अरबी-मराठी संभाषण. त्यांचं पहिलं पुस्तक कोणीतरी चोरून छापलं होतं आणि सरांना काही सिद्ध करता आलं नाही. म्हणून या वेळी त्यांच्या नाझनीनने (कॉम्प्युटर इंजिनिअर, सरांची मुलगी) युक्ती केली. अरबीत अक्षरं जोडणारी रेघ लांबवली तरी शब्द तोच राहतो. तिने फाईलच्या तीन प्रती काढून प्रत्येकीत वेगळ्या जागी रेघा लांबवल्या. चोरी झालीच, तर ती कुठल्या प्रतीवरून झाली हे रेघाच सांगणार. एक प्रत प्रकाशकाला, एक सरांच्या मित्राला आणि एक पानं लावायला माझ्याकडे. मला यातलं कोणी काही सांगितलं नव्हतं.

आता माझा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. बावीस वर्षं लग्नपत्रिका जुळवतोय, ओळीत एखादं अक्षर पाय पसरून बसलेलं दिसलं की मला जेवण जात नाही. अरबी वाचता येत नसलं तरी पसारा कळतो. चार दिवस खपून मी एकूणएक रेघ आखडून टाकली. त्याच दुपारी आपण दुकानात आलात. काम पाहून ‘सफाई आहे’ म्हणालात, मला फार बरं वाटलं, आणि मी आपल्यासाठी सोडा आणायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सर आले, फाईल पाहून त्यांनी नाझनीनला बोलावून घेतलं. नाझनीनने मला झाप झाप झापलं, माझी फाईल पुसली, रेघांची पुन्हा घातली.

गेल्या आठवड्यात तेच पुस्तक पालघर स्टेशनाबाहेर भलत्याच नावाने विकायला आलं. सर एक प्रत घेऊन दुकानात आले. “किसनकांत, यात एकपण लांबवलेली रेघ नाय. अशी फाईल दुनियेत एकच दिवस होती, तुझ्याकडे.” चहा न घेता गेले. भावोजी, मला रडू आलं. माझ्या दुकानातून आजवर कोणाचा बायोडेटासुद्धा बाहेर गेलेला नाही. सोमवारी नाझनीन माझ्या नावाने तक्रार देणार आहे.

मी कोणाचं नाव घेत नाही. जावयावर बोट ठेवणं आपल्याकडच्या रीतीत बसत नाही. असो. ताईला नमस्कार.

आपला,
कृष्णकांत

ता. क. : त्या दिवशी सोड्याला रांग होती, मला वीस मिनिटं लागली. उगाच आठवलं.

ता. क. २ : रविवारी सर जेवायला येताहेत. उरलेली पुस्तकं घेऊन आपण स्वतः आलात, तर तक्रार देणार नाही असा शब्द मी नाझनीनकडून मागून घेतलाय. पापलेट आणतोय.

ता. क. ३ : पाकीट चिकटवण्याआधी आमच्या सौ. मंदाने हे पत्र ताईला फोनवर वाचून दाखवलं. ताई म्हणाली, “पत्र कशाला टाकता? गठ्ठे माझ्याच पलंगाखाली हायेत. रविवारी त्यांनाच उचलायला लावते.” तेव्हा गुडघ्याला जपावे.