केबिनमधला अलार्म

बाबा,

आईला घेऊन आम्ही हॉस्पिटलात चाललोय. तुम्ही फोन घरीच विसरलात, म्हणून ही चिठ्ठी.

बॅटरी चार्ज व्हावी म्हणून बोटीचं इंजिन चालू ठेवून ती केबिनमध्ये पडदे शिवत बसली होती. इंजिनाचा धुराचा पाइप आतच फुटलाय. दादाने हाका मारल्या तर ओ देईना. अजून शुद्धीवर नाही.

केबिनमधला विषारी गॅसचा जुना अलार्म उगाच केकाटतो, बिघडलाय, म्हणून तुम्ही आज नवा आणायला गेलात. तो बिघडला नव्हता, बाबा. धुरामुळेच केकाटत होता. त्यातले तुम्ही काढलेले सेल आत्ता सापडले, इथे टेबलावर, तुमच्या रेडिओत.

बोटीकडे फिरकू नका, तडक हॉस्पिटलात या.

रेडिओ अजून वाजतोय. बंद करायला माझा हात धजला नाही. तुम्हीच बंद करा.