पिवळी चिंधी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दादा,

'तीर्थरूप' लिहावं की नुसतं 'दादा', या विचारात चहा गार झाला. शेवटी म्हटलं, तीर्थरूप म्हणण्याइतका मोठेपणा तू कधी दाखवला नाहीस, तेव्हा दादाच बरं. नमस्कार. वहिनीलाही सांग. तुमच्याकडे सगळं ठीक असेल असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस.

फोन करता आला असता. पण तू "कामात आहे गं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र तसं मध्येच ठेवता येत नाही. म्हणजे येतं, पण निदान ते टेबलावर पडून राहतं आणि वहिनी विचारते, कुणाचं आहे म्हणून. मला तुझ्याकडून बाबांसाठी एक उत्तर हवंय. एका शब्दाचं चालेल. प्रश्न काय ते सांगते, पण मला जरा घोळ घालत तिथवर येऊ दे.

आधी कामाचं. नवीन नाटकाचा सेट उभा करतोय. दिग्दर्शकाला तिसऱ्या अंकात अख्खा जिना वर न्यायचाय, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. मी म्हटलं, जाईल की, फक्त त्यावर उभे असलेले दोघं तोवर खाली उतरलेले असू देत. तो हसला नाही. मग जिना हलका करण्यासाठी मी पायऱ्या आतून पोकळ केल्या आणि मागची बाजू नुसती कापडाची ठेवली. कप्प्या सगळ्या उतरवून तेल दिलं. दोर नवे घेतले. जुन्या दोरांवर माझा आता विश्वास नाही.

हो, मुख्य सुताराचं काम मीच बघते. आपल्या सेटच्या कारखान्याच्या दारावरच्या पाटीवर अजून बाबांचंच नाव आहे, ते मी काढू दिलेलं नाही. पेंटरकाका येतात रोज. पडदे आता बसूनच रंगवतात, वरचा भाग कुणीतरी दुसरं करतं. पाय ओढत येतात आणि आल्या आल्या पहिलं विचारतात, "मोठ्याची काही खबर?" मी म्हणते, मजेत आहे. ते म्हणतात, "मजेत असेल तर चांगलंच आहे," आणि ब्रश भिजवायला घेतात. त्यांच्या मनात तुझ्याबद्दल काही नाही, दादा. कधीच नव्हतं. पाय त्यांचा मोडला, पण राग सगळा बाकीच्यांनीच धरला.

बाबा बरे आहेत, असं मी आजवर तुला कळवत आले. ते काही खरं नाही. जेवतात, चालतात, दाढी स्वतः करतात, एवढं खरं. पण मागे त्यांनी नाटकाच्या प्रॉपर्टीतलं एक टेबल डुगडुगतं म्हणून पाय कापायला घेतले. एक कापला, मग दुसरा आखूड वाटला, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत टेबलाचं स्टूल झालं. पेंटरकाका म्हणाले, "चला, स्टूलच हवं होतं आपल्याला." सगळे हसले, बाबाही हसले. मी मागच्या खोलीत जाऊन रडले. ज्या माणसानं आयुष्यभर नुसत्या नजरेनं फ्रेम काटकोनात आहे की नाही ते सांगितलं, त्याला चार पाय सारखे करता येईनात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे मागे फिरणारं नाही. हळू जाईल की भरभर, एवढंच बघायचं. काही दिवस चांगले जातील आणि त्या दिवसांवर फार विसंबू नका, असंही म्हणाल्या. म्हणून मग मी त्यांना घरी एकटं ठेवत नाही. रोज कारखान्यात घेऊन येते, त्यांच्या स्टुलावर बसवते, हातात पॉलिश पेपर आणि एखादी फळी देते. घासत बसतात. फळी पातळ होते, बाकी कुणाचं काही बिघडत नाही.

आता त्यांनी मला ओळखायचं कधी सोडलं ते सांगते.

मी वर, छताखालच्या फळ्यांच्या माच्यावर होते. जिन्याचा दोर हातात, खाली जिना लोंबकळत होता. थंडी होती म्हणून तुझा जुना खाकी कोट अंगात घातला होता. बाह्या दुमडाव्या लागतात, पण खिसे चांगले आहेत. खालून बाबांनी हाक मारली, "मोठ्या!" परत हाक, "मोठ्या, बहिरा झालास का?" हातात वजन असताना वाद घालत नाहीत, हे आपल्याला त्यांनीच शिकवलेलं. मी "ओ" दिली. म्हणाले, "डावीकडचा दोर जरा ढिला आहे." आणि खरंच होता, बरं का. मी तो ओढून घेतला, गाठ मारली आणि उतरले. वाटलं, खाली आल्यावर तोंड बघतील आणि कळेल. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, कोटाची कॉलर सरळ केली आणि म्हणाले, "आलास ते बरं केलंस."

तेव्हा मी सांगायला हवं होतं की बाबा, मी धाकटी. नाही सांगितलं. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा मोकळा झालेला पाहिला होता. तेव्हापासून कारखान्यात मी तूच आहे. "आलो बाबा", "करतो बाबा" असं बोलते. नवे लोक आधी टकामका बघायचे, आता सवय झाली. घरी कधी मी मीच असते, कधी तू. ते ठरवतील तसं.

आणि मी कुठे आहे, म्हणून विचारशील, तर तेही त्यांनी सांगून टाकलंय. एकदा मीच मुद्दाम विचारलं, "बाबा, धाकटीचं काय?" म्हणाले, "तिची काळजी नको. ती कुठं जातेय?"

मला राग आला, दादा. तुझाही आला. तू निघून गेलास तर त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाहीस, आणि मी रोज त्यांच्या चपला पायाशी सरकवते तर मी दिसत नाही. असो. घोळ पुरे झाला. ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं?

मागच्या आठवड्यात एक नवा कामगार आला. चांगला बाप्या माणूस आहे, आधी बांधकामावर होता. त्याला मी आपला पहिला नियम सांगत होते. ज्यानं गाठ मारली त्यानंच ती सोडायची. दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नाही. संशय आला तर त्या माणसाला वर बोलवायचं, तो येईपर्यंत खाली कुणाला उभं राहू द्यायचं नाही. प्रत्येकानं आपली चिंधी गाठीशेजारी बांधायची, म्हणजे गाठ कुणाची ते कळतं. बाबांची हिरवी, माझी पांढरी. त्यानं खुंट्यांवर टांगलेल्या चिंध्यांवर नजर टाकली आणि विचारलं, "पिवळी कुणाची?" मी म्हटलं, पिवळी आता कुणी वापरत नाही.

बाबा तिथंच बसले होते. त्यांचा हात थांबला. दुपारी जेवले नाहीत. सगळे जेवायला बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "मोठ्या, दार लाव. बस इथं."

मी बसले.

"कमानीची गाठ तुझी नव्हती," म्हणाले.

मला आधी कळलंच नाही कुठली कमान. मग कळलं. पुढे ते थांबत थांबत बोलले, पण एकही शब्द चुकला नाही. टेबलाच्या वेळी गेलेलं डोकं त्या दिवशी लख्ख होतं. तू त्या सकाळी कमान वर घेऊन बांधलीस आणि चहाला गेलास. ते वर गेले. गाठ बघितली. "चांगली होती तुझी गाठ. पण तू नवी पद्धत वापरली होतीस. मला बघवेना. मी सोडली आणि माझ्या पद्धतीनं बांधली." मी विचारलं, "मग चिंधी?" तर म्हणाले, "चिंधी तुझीच परत लावली. बापानं आपली गाठ सोडली हे तुला कळलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

तुला वाईट वाटू नये म्हणून, दादा.

त्यांची ती गाठ घाईत अर्धी बसली, आणि पेंटरकाका खाली कमानीचा रंग बघायला उभे होते. कमान सुटून त्यांच्या पायावर आली, पुढचं तुला माहीत आहे. दोराच्या टोकाला पिवळी चिंधी होती. बाबांनी सगळ्यांसमोर ती वर धरली आणि तुला विचारलं, हे काय आहे. मी विचारलं, "का धरलीत वर?" म्हणाले, "हात आधी वर गेला. मग आठवलं. मग सगळे बघत होते." एवढंच. नंतर रोज वाटायचं, उद्या सांगू. तू गेलास, मग वाटलं, आला की सांगू.

चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळी देणारा आपला बाप. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनीच मानलं की गाठ तुझी होती. मीसुद्धा. तू म्हणत होतास, मी नीट बांधली होती, मी नीट बांधली होती. आणि मग बोलायचा थांबलास. आता तू खुर्च्यांच्या कारखान्यात आहेस, जिथं काहीच वर टांगावं लागत नाही, आणि मी इतकी वर्षं समजत होते की तुला लाज वाटते म्हणून तू येत नाहीस.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला. "राग गेला का रे तुझा?"

हाच तो प्रश्न.

मी म्हटलं, "पाणी आणतो," आणि उठले. पाणी घेऊन आले तर ते फळी घासत होते. वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत, "मोठ्या, दार लाव." पुन्हा पहिल्यापासून. गाठ, चिंधी, पेंटरकाका, आणि शेवटी, राग गेला का रे? रोज चाललंय. सांगितलेलं त्यांना आठवत नाही, केलेलं तेवढं आठवतं. रोज तेवढेच घाबरतात आणि माझा हात तेवढाच घट्ट धरतात. मी रोज पाणी आणायला जाते.

"गेला" म्हटलं की झालं, असं तू म्हणशील. पेंटरकाकांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ आपला पाय चोळत बसले. मग म्हणाले, "माझ्यापुरतं मी म्हणेन गेला. मोठ्याचं मोठ्यानं म्हणावं." मलाही तेच वाटतं. राग तुझा आहे. तुझ्या नावानं मी दोर ओढते, तुझा कोट घालते, पण हे मला सोडता येणार नाही. दुसऱ्याच्या गाठीला हात लावला की काय होतं ते आपण बघितलंय.

आलास तर उत्तम. तुझ्या तोंडून ऐकू देत. येणं जमत नसेल तर एक शब्द लिही, मी तू होऊन त्यांना तो सांगेन. आणि राग गेला नसेल तर तसंही लिही. तुझा हक्क आहे. मी त्यांना ते सांगणार नाही, पाणी आणत राहीन. पण निदान मला कळेल की मी कशासाठी आणतेय.

शनिवार, सकाळ

काल इथवर लिहून पत्र कोटाच्या खिशात ठेवलं होतं. आज सकाळी पाकिटात घालावं म्हणून परत वाचत बसले, तर बाबा शेजारी येऊन उभे राहिले. चांगल्या मूडमध्ये होते.

"काय लिहितोस?"

"पत्र."

"कुणाला?"

तुझं नाव घेता येईना, कारण तू म्हणजे मीच होते. म्हटलं, "धाकटीला."

त्यांनी विचार केला. खरंच खूप विचार केला, कपाळाला आठ्या घालून. मग मला विचारलं, "कोण धाकटी?"

मी म्हटलं, तुमची मुलगी. तर जरा ओशाळल्यासारखे हसले, आपण एखाद्या पाहुण्याचं नाव विसरलो की हसतो तसे. "असेल, असेल," म्हणाले आणि स्टुलाकडे गेले.

आईनं ठेवलेल्या नावानं हाक मारली असती तर आठवलं असतं का, माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही. त्यांच्याजवळ माझ्यासाठी सांगण्यासारखं काही राहिलं असेलच, तर ते आता गेलं. त्याचं मी बघेन. पण त्यांच्या आठवणीतून मी गेले, दादा, म्हणजे आता तुझी पाळी. एक दिवस ते दार लाव म्हणणार नाहीत. मग तू आलास काय आणि लिहिलंस काय, माझ्यासमोर फळी घासणारा एक म्हातारा असेल आणि त्याला माफी हवी होती हे फक्त तुला आणि मला माहीत असेल.

आज दुपारी अजून विचारतील. उद्याचं सांगता येत नाही. पत्र मी स्वतः जाऊन टाकते.

तुझी पिवळी चिंधी मी टाकलेली नाही. खुंटीवरून काढून माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवलीय.

तुझ्या कोटात, तुझ्या जागेवर, तू येईपर्यंत उभी असलेली
धाकटी