बारा पॉइंट सात

ग्लेनफॅरो, मॅनिओटोटो
५ जून

प्रिय एल्स्पेथ,

तुझं चार पानी पत्र मिळालं. मी फोनवर विचारलं होतं एवढंच, की चार चाकांच्या क्वाडबाइकला कुठली नवी बॅटरी घालू. तू जुन्या बॅटरीची लांबी-रुंदी कशी मोजायची इथपासून सुरुवात केलीस. बरं केलंस, बापाची अक्कल तुला ठाऊक आहे. सगळं तू सांगितलंस तसंच केलं. पाणी भरायची घेतली नाही, सीलबंद घेतली. खोक्यात ती हलत नाही ना, हे हात घालून पाहिलं, कारण दगडधोंड्यांतून आपटली की आतल्या पट्ट्या निखळतात असं तू लिहिलंयस. आणि दुकानदाराची बडबड मध्येच तोडून त्याला विचारलं, की कडाक्याच्या थंडीत ही किती जोर लावते तो आकडा कुठे छापलाय. तो चष्म्यावरून बघत म्हणाला, ‘अ‍ॅलिस्टर, हे तुला कुणी शिकवलं?’ मी म्हटलं, ‘माझ्या मुलीनं.’ म्हणताना मान ताठ झाली होती. गाडीत येऊन बसलो आणि बराच वेळ किल्लीच फिरवली नाही.

त्याचं कारण तुझं शेवटचं पान. तिथे तू जाता जाता लिहिलंयस, की खाणीवरच्या वर्कशॉपचं प्रमुखपद तुला देऊ करताहेत, अठरा माणसं हाताखाली, आणि वीस तारखेला तू त्यांना नाही म्हणून कळवणार आहेस. ‘जिला आजोबांची एक बॅटरी सांभाळता आली नाही, तिनं अठरा जणांच्या कामाखाली सही करू नये.’ हे वाक्य तू इतक्या सहज लिहिलंयस, जसं काही त्याच्यावर आता वाद घालण्यासारखं काही उरलेलंच नाही. मला वाद घालायचाय. पण तो नीट घालायचा तर अकरा वर्षं मागे जावं लागेल आणि मी तिथे जायला कधीच राजी नसतो.

इकडे हिवाळा लागलाय, बर्फ अजून डोंगरमाथ्यावरच आहे. आपला म्हातारा कुत्रा मॉस आता ठार बहिरा झालाय. शीळ घातली तर ढिम्म हलत नाही, पण बिस्किटाच्या डब्याचं झाकण उघडलं की शेजारच्या खोलीतून उठून येतो. तुझी आई म्हणते, माझ्यावर गेलाय. मेंढ्यांना सलगमच्या शेतात सोडलंय, रोज विजेचं कुंपण दहा पावलं पुढे सरकवायचं आणि तेवढंच त्यांनी खायचं. बघ, मेंढ्यांचं सांगायला घेतलं आणि कुंपणापाशी येऊन पोचलो. तिथेच यायचं होतं.

तुला ‘बॅटरीबाई’ हे नाव मी ठेवलं, आठवतं? तू सतरा वर्षांची असशील. कातरणीच्या हंगामात शेडमध्ये लोकर उचलून मिळालेल्या पहिल्या पगारातून बाकीच्या पोरींनी बूट घेतले आणि तू आजोबांच्या क्वाडला बॅटरी घेतलीस. वर एक छोटा चार्जर, हिवाळाभर लावून ठेवायचा. भिंतीला खिळा ठोकून त्यावर वही टांगलीस. दर सोमवारी सकाळी तारीख, मीटरचा आकडा, टर्मिनल साफ, व्हॅसलीन लावलं. मी शेजारच्या फार्मवरच्या डूगलसमोर म्हणायचो, ‘आमच्या बॅटरीबाईंनी ताप मोजला का पेशंटचा?’ तू हसायचीस. आजोबा मात्र हसायचे नाहीत. ते म्हणायचे, ‘अ‍ॅली, या फार्मवर वेळच्या वेळी काही करणारं एकच माणूस आहे आणि ते तू नाहीस.’ खरंच होतं ते. कुंपणाची वेगळी बॅटरी होती आपल्याकडे, मोठी काळी, थोडं थोडं करून दिवसचे दिवस पुरणारी. दोन वर्षांनी ती मी उन्हाळाभर शेडच्या कोपऱ्यात रिकामी पडू दिली. भर हिवाळ्यात, ऑगस्टमध्ये काढून तशीच कुंपणाला लावली, तेव्हा ती मेलेली होती.

त्या शुक्रवारी तू कोर्ससाठी डनिडिनला गेलीस, रविवारी संध्याकाळी परतायचं सांगून. शुक्रवारी दुपारीच मेंढ्या कुंपण मोडून सलगममध्ये घुसल्या. झटका नाही हे त्यांना माझ्याआधी कळलं. मी काय केलं ते आता लिहितो. क्वाडचं सीट उचललं, तुझी बॅटरी काढली, कुंपणाच्या यंत्राचे चिमटे तिला लावले आणि चहा प्यायला घरी आलो. एका रात्रीचा प्रश्न आहे, सकाळी नवीन आणू, असं मनाशी म्हटलं. शनिवारी रग्बीचा सामना होता. रविवारी बर्फाचे ढग आले म्हणून मेंढ्या हलवल्या. असे तीन दिवस ती बॅटरी गवतात पडून राहिली. तू किती वेळा सांगितलं होतंस, की ही इंजिन चालू करायची बॅटरी आहे, हिनं एकदाच जोरात ढकलायचं असतं. हिला रोजची मजुरी करायला लावली की ती आतून खचते आणि मग कितीही पाजा, अंगात बळ धरत नाही. मला वाटायचं, सगळ्या बॅटऱ्या सारख्याच.

सोमवारी सकाळी तू उठायच्या आधी मी ती आणली, ट्रॅक्टरच्या मोठ्या चार्जरला तासभर लावली, पुसून जागेवर बसवली. नंतर तू आलीस, मीटर लावलंस आणि वहीत लिहिलंस: बारा पॉइंट सात. म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. मी तिथेच उभा होतो, एल्स्पेथ. तुझ्या मागे, हातात बादली घेऊन. तासाभराच्या चार्जिंगनं फक्त वरवरचा आकडा चढला होता, हे तुला तेव्हा कळायची काही वाटच नव्हती, कारण तुझ्या हिशेबानं ती बॅटरी तीन दिवस छोट्या चार्जरवर आरामात होती. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. तू चिडशील म्हणून बोललो नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीची बोलणी खायला नकोत म्हणून.

पुढचं तुला माहीत आहे. आजोबा मागच्या डोंगरावर गाभण मेंढ्या बघायला निघाले, तुला विचारून. तू म्हणालीस, ‘जा, आजोबा, एकदम टकाटक आहे.’ वर फाटकापाशी त्यांनी इंजिन बंद केलं. परत स्टार्टर मारला तर नुसती कटकट. दक्षिणेचा वारा सुटला होता, गारठ्यासकट. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस चार किलोमीटर चालत निघाला आणि ओढ्यात घसरला. आपल्याला ते सापडले तेव्हा तीन वाजून गेले होते.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात डूगल होता, त्याची बायको होती, तुझी आई होती. तू म्हणत होतीस, ‘मी तपासली होती, बाबा. बारा पॉइंट सात होती.’ आणि मी सगळ्यांसमोर तोंड वर करून म्हणालो, ‘मग एकतर तुझा मीटर खोटं बोलतो, नाहीतर तू.’ चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या अशा. त्यानंतर गावातल्या क्लबमध्ये ‘बॅटरीबाई’ हे नाव कसं घेतलं जायचं ते मी ऐकत होतो. एकदाही कुणाचं तोंड धरलं नाही. मार्चमध्ये तू ऑस्ट्रेलियाला गेलीस तेव्हा मी लोकांना सांगत सुटलो, की पगार चांगला आहे तिकडे.

आणखी एक गोष्ट आहे, ती सगळ्यात वाईट. आजोबांना माहीत होतं. हाड मोडून पडले होते तेव्हा एक दिवस मला जवळ बोलावून म्हणाले, ‘फाटकापाशी मी सीट उचललं होतं, अ‍ॅली. टर्मिनलवर कुंपणाच्या चिमट्याचे दात उमटलेत. पोरीला तू सांग. मी तुझी चुगली करणार नाही.’ मी हो म्हणालो. त्यानंतर चौदा महिने ते जगले, परत पायांवर उभे न राहता. दर रविवारी मी भेटायला गेलो की विचारायचे, ‘सांगितलंस?’ मी म्हणायचो, ती घरी आली की समोरासमोर सांगतो. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत त्यांनी विचारणंच सोडून दिलं. नुसते खिडकीबाहेर बघत बसायचे आणि मी मेंढ्यांचे भाव सांगत राहायचो. तू अंत्यविधीला आलीस, शवपेटीपाशी उभी राहून त्यांची माफी मागितलीस. मी तुझ्या शेजारी होतो. मला स्वतःची किळस येते हे लिहिताना, पण किळस येऊन गेली अकरा वर्षं काय झालं? तुझ्या बॅटरीसारखं, आकडा वर आणि आत काही नाही.

काल तुझ्या आईला सांगितलं. ती ओव्हनमधून स्कोनचे छोटे पाव काढत होती. ट्रे तसाच परत आत ठेवला, दार लावलं आणि बाहेर निघून गेली. सगळे जळाले. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. म्हणाली, ‘मी तिला अकरा वर्षं सांगत आले, की तुझ्या बाबांनी तुला कधीच माफ केलंय.’ मग म्हणाली, ‘फोन करू नकोस. फोनवर तू विनोद करशील. लिही.’ आज सकाळी डूगललाही सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या खोऱ्यात झालं असेल. त्यानं टोपी काढून हातात धरली, नुसता ‘देवा रे’ म्हणाला आणि माझ्याकडे न बघता गेला.

सोबत तुझ्या वहीतलं एक पान पाठवतोय. वही मी फेकली नव्हती, लपवली होती. त्यावर तुझ्या अक्षरात आहे: सोमवार, १४ ऑगस्ट, सहा पन्नास, बारा पॉइंट सात, टर्मिनल साफ. त्याच्या खाली मी आज माझ्या हातानं लिहिलंय: ‘शुक्रवार ते सोमवार ही बॅटरी मी कुंपणाला लावली होती. परत बसवली आणि कुणाला सांगितलं नाही. अ‍ॅलिस्टर रॅट्रे.’ हे पान तुझ्या साहेबांना दाखव, भिंतीवर लाव, नाहीतर फाडून टाक. मला माफ कर असं मी म्हणत नाही, ते मागायचा हक्क मी व्हरांड्यातच घालवला. मला फक्त वीस तारखेच्या आत हे तुझ्या हातात पोचवायचं होतं. तू तुझं काम बरोबर केलं होतंस, पोरी. त्या अठरा जणांच्या कामाखाली सही कर.

तुझाच, आणि हे म्हणायला अकरा वर्षं उशीर केलेला,
बाबा